पोकळ नळी

छंदाला मोल नसतं, असं म्हणतात. हे म्हणणाऱ्याने कॅमेऱ्याच्या दुकानात कधी पाऊल टाकलेलं नसावं. मुंगीच्या मिशा, गवताचं फूल, फुलपाखराच्या पंखावरचे खवले असल्या बारीक गोष्टींचे फोटो काढायचे, तर ‘मॅक्रो’ नावाची निराळी लेन्स लागते आणि तिची किंमत ऐकली की मुंगीकडे बघण्याची इच्छाच मरून जाते. आमची तिन्ही वर्षांची फी एकत्र केली तरी तिच्यात ती लेन्स बसत नाही. बरं, कला शाखेच्या विद्यार्थिनीने हा खर्च कशासाठी करावा, असं कोणी विचारलं तर माझ्याजवळ उत्तरही नाही. परीक्षेला मुंगीवर प्रश्न येत नाही.

पण मला मुंगी बघायची होती, आणि ती बघण्यासाठी काचेपेक्षा पोकळीची गरज जास्त आहे हे मला फार उशिरा, म्हणजे दुसऱ्या वर्षी कळलं. ही गोष्ट पटवायला कॅमेराही लागत नाही. आजीचं पोथी वाचायचं भिंग घ्या. अंधाऱ्या खोलीत एका बाजूला मेणबत्ती लावा, दुसऱ्या बाजूला भिंत, मध्ये भिंग. भिंग पुढेमागे केलं की भिंतीवर ज्योतीचं उलटं चित्र उमटतं. आता मेणबत्ती भिंगाच्या जवळ आणा. चित्र फुसकं होतं. ते पुन्हा रेखीव करायचं तर भिंग भिंतीपासून लांब न्यावं लागतं, आणि जितकं लांब न्याल तितकी भिंतीवरची ज्योत मोठी. कॅमेऱ्यात लेन्स म्हणजे भिंग आणि मागची चित्रपट्टी म्हणजे भिंत. साधी लेन्स पुढे सरकून सरकून किती सरकणार? तिचे आटे संपतात. आटे संपले तिथून पुढे तिला ढकलायचं, एवढंच काम आहे. त्यासाठी मध्ये एक नळी घालायची. नळीत काच नाही, यंत्र नाही, काही नाही. कंपन्या चांगल्या धातूच्या नळ्या विकतात, हल्ली प्लास्टिकच्या काहीशे रुपयांतही मिळतात. पण कोणत्याही भावात आपण विकत घेतो ती हवाच.

माझ्या नळीची जन्मकथा फार थोर नाही. चुलतभाऊ लग्नाचे फोटो काढतो. त्याने नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना डिजिटल कॅमेरा माझ्याकडे आला. आमच्या तालुक्याच्या गावातला एक जुना फोटो स्टुडिओ बंद होत होता. तिथल्या काकांकडे एक रशियन ‘झेनिट’ पडून होता, फिल्मच्या जमान्यातला. कॅमेरा अडकलेला, पण त्याची ‘हेलिऑस’ लेन्स, अठ्ठावन्न मिलिमीटरची, स्वच्छ. ती त्यांनी मला चहाच्या बदल्यात दिली, असं म्हटलं तरी चालेल. या जुन्या लेन्सचा मोठा गुण असा की, तिच्या आतलं छिद्र लहानमोठं करायचं कडं लेन्सवरच असतं. आजकालच्या बहुतेक लेन्सना ते हुकूम कॅमेऱ्याकडून विजेच्या तारेने यावे लागतात आणि मध्ये प्लास्टिकची मुकी नळी आली की हुकूम पोचत नाहीत.

मग शेतातल्या दोन इंची पीव्हीसी पाइपचा उरलेला तुकडा. कॅमेऱ्याच्या तोंडाला लावायचं प्लास्टिकचं झाकण एक, लेन्सच्या बुडाला लावायचं झाकण एक. ही दोन्ही मागवली आणि सगळा मिळून खर्च तीनशेच्या आत राहिला. झाकणांचे तळ कापून त्यांची कडी करायची, पाइपच्या दोन टोकांना ती बसवायची, फट राहील ती एम-सीलने भरायची. पाइप कापताना टोकं मात्र काटकोनात हवीत, नाहीतर फोटोचा एक कान स्पष्ट आणि दुसरा धुरकट येतो. ते काम आमच्या आळीतल्या नळवाल्यांनी करवतीने असं सरळ करून दिलं की गुण्या लावून बघावा. ‘कसला नळ बसवतेस?’ असं त्यांनी विचारलं. मी ‘कॅमेऱ्याला’ म्हटल्यावर त्यांनी पुढे काही विचारलं नाही. पाइपच्या आतल्या बाजूला काळा वेल्वेट कागद चिकटवणं आवश्यक आहे. आतली गुळगुळीत भिंत उजेड परतवते आणि सगळं चित्र पिठाळ होतं. कापल्याचा भुगा आत राहिला तर तो कॅमेऱ्याच्या पोटात जातो, म्हणून कागद लावण्याआधी नळी धुऊन वाळवायची.

हिशेब सोपा आहे. लेन्सचं नाभीय अंतर जेवढं, तेवढ्याच लांबीची नळी लावली की वस्तू चित्रपट्टीवर तिच्या खऱ्या आकाराची उमटते. म्हणजे अठ्ठावन्नच्या लेन्सला अठ्ठावन्न मिलिमीटरची नळी, झाकणांची जाडी धरून. निम्मी नळी लावली तर निम्मा आकार. खऱ्या आकाराचं कौतुक काय, असं वाटेल. पण माझ्या कॅमेऱ्याची चित्रपट्टी जेमतेम तेवीस-चोवीस मिलिमीटर रुंद. तिच्यावर सहा मिलिमीटरचा किडा पाव रुंदी अडवून बसला, तर तोच फोटो संगणकाच्या पडद्यावर उघडल्यावर किडा तळहाताएवढा होतो.

निसर्ग फुकट काही देत नाही, तो इथे तीन ठिकाणी वसुली करतो. एक, उजेड. लेन्स दुप्पट लांब गेली की चित्रपट्टीवर पडणारा उजेड एक चतुर्थांश होतो. दोन, अंतर. किडा लेन्सच्या तोंडापासून अर्ध्या वितीवर हवा, आणि अर्ध्या वितीवर माणसाचं डोकं आलेलं बहुतेक किड्यांना आवडत नाही. तिसरी वसुली सर्वांत कडक: स्पष्ट दिसणाऱ्या भागाची जाडी. लेन्सचं छिद्र एफ ११ वर ठेवलं तरी ती एक मिलिमीटरही भरत नाही. तांदळाचा दाणा उभा ठेवला तर त्याचं पोट स्पष्ट आणि पाठ धूसर. छिद्र आणखी बारीक करावं, तर उजेडाच्या लाटा छिद्राच्या कडेला पसरून सगळंच चित्र मऊ पडतं. तेव्हा एफ ११ च्या आसपास थांबायचं आणि उरलेलं काम शरीराने करायचं. लेन्स फिरवायची नाही. आपणच श्वास रोखून केसभर पुढे, केसभर मागे झुलायचं. मी डाव्या हाताच्या दोन बोटांत पानाचा देठ धरते आणि त्याच हातावर लेन्स टेकवते. मग वारा आला तर पान आणि कॅमेरा बरोबरच हलतात.

नळीची कथा एवढीच. खरी मजा उजेडात आहे, आणि माझ्या मते या छंदात निम्म्याहून जास्त विचार उजेडाचाच करावा. कॅमेऱ्याच्या डोक्यावर उघडणारा फ्लॅश इथे असून नसल्यासारखा, कारण लेन्स नळीमुळे इतकी लांब झालेली असते की तिचीच सावली किड्यावर पडते. उजेडाला लेन्सच्या डोक्यावरून पुढे नेऊन खाली सोडायला हवं. त्यासाठी मोठ्या टूथपेस्टचं रिकामं खोकं घ्यावं. वेफर्सच्या पाकिटाची आतली बाजू चंदेरी असते. ती पुसून, तेल काढून खोक्याला आतून लावावी. खोक्याचं एक तोंड फ्लॅशवर, दुसरं किड्याच्या जरा वर, तिरपं कापलेलं. त्या तोंडापुढे पोस्टकार्डाएवढा पातळ पांढरा कागद.

कागद कुठला, यावर मी दोन महिने घालवले आहेत. मिठाईवाल्याचा बटरपेपर उजेडाला किंचित पिवळा करतो. दुधाची पिशवी चालते, पण छपाई मध्ये येते. आणि सर्वश्रेष्ठ कागद आपल्या भूगोल विभागात निघाला: नकाशे गिरवायचा ट्रेसिंग पेपर. (सर, कपाटातले दोन कागद कमी आहेत ते माझ्याकडे आहेत.)

कागदाने काय होतं, ते ढालकिड्यावर बघावं. ढालकिडा म्हणजे ती लाल-नारिंगी, काळ्या ठिपक्यांची टिकलीसारखी पाठ असलेली ‘लेडीबर्ड’. तिची पाठ म्हणजे बहिर्गोल आरसा. उघडा फ्लॅश मारला की पाठीवर एक जळका पांढरा डाग आणि बाकी सगळा काळोख. आरशात दिसतो तो दिवाच, आणि दिवा लहान. पोस्टकार्डाएवढा कागद तीन बोटांवर धरला की किड्याच्या दृष्टीने तो आख्खं ढगाळ आभाळ होतो. पाठीवर मग खिडकीसारखा मऊ उजेड दिसतो आणि ठिपक्यांच्या कडा, पाठीवरचे बारीक खळगे, सगळं हळूच वर येतं. उजेड मऊ होणं हे दिव्याच्या किमतीवर नसून वस्तूच्या मानाने दिवा केवढा आणि किती जवळ आहे, यावर आहे. बारीक वस्तूंच्या बाबतीत गरिबाचा इथे फायदा होतो. माणसाचा फोटो काढणाऱ्याला दाराएवढं पांढरं कापड लागतं, मला पोस्टकार्ड पुरतं.

शिवाय दिवा इतका जवळ असतो की फ्लॅश पूर्ण जोराने मारावाच लागत नाही. सोळाव्या, बत्तिसाव्या हिश्शाने भागतो. जोर कमी केला की चमक अतिशय आखूड होते, सेकंदाचा हजारोवा भाग, आणि हाताचा कंप त्यात उमटतच नाही. तिवईचे पैसे वाचले. एक इशारा मात्र द्यायला हवा. जुन्या बाजारात पन्नास रुपयांना मिळणारे फिल्मच्या काळातले फ्लॅश मोहात पाडतात. त्यांतल्या काहींच्या संपर्काच्या टोकांवर दोनशे-अडीचशे व्होल्टचा दाब असतो. डिजिटल कॅमेरा तो सोसेलच असं नाही. मीटर लावून मोजल्याशिवाय तसला फ्लॅश कॅमेऱ्यावर चढवू नये. आणि ज्यांच्याकडे कॅमेराच नाही, त्यांनी घड्याळजी डोळ्याला लावतो ते भिंग मोबाइलच्या लेन्ससमोर रबरबँडने बसवावं. कडा वाकड्या येतात, मध्यभाग सुरेख येतो. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने अशाने मिठाच्या खड्याचे चौकोन टिपले आणि मेसच्या फळ्यावर लावले.

ही युक्ती माझी नव्हे आणि नवीही नव्हे. अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात जेरिको नावाच्या गावी विल्सन बेंटली नावाचा शेतकऱ्याचा मुलगा होता. त्याने सूक्ष्मदर्शकाला लांबणारा भाता असलेला कॅमेरा जोडून १५ जानेवारी १८८५ रोजी हिमकणाचा फोटो घेतला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, म्हणजे आपल्या दुसऱ्या वर्षातल्या मुलांएवढा. कॅमेऱ्यासाठी घरातले पैसे खर्च झाले होते आणि वडिलांना हे सारं वेडच वाटे. तापवायची सोय नसलेल्या शेडमध्ये, कण वितळायच्या आत, नुसत्या दिवसाच्या उजेडात त्याने पुढच्या आयुष्यात पाच हजारांवर हिमकण टिपले. त्याच वर्षी, १८६५ साली, जन्मलेला जर्मनीचा कार्ल ब्लॉसफेल्ट बर्लिनच्या कलाशाळेत वनस्पतींवरून आकार घडवायला शिकवत असे. विद्यार्थ्यांना कोंब आणि कळ्या मोठ्या करून दाखवता याव्यात म्हणून त्याने घरीच बनवलेल्या कॅमेऱ्यांनी फोटो काढले. काही तीस पटींपर्यंत मोठे. १९२८ साली त्यांचं पुस्तक निघालं तेव्हा हा शिक्षक त्रेसष्ट वर्षांचा होता आणि एकदम प्रसिद्ध झाला. ‘कला शाखा’ या शब्दाला तिथे अर्थ होता, एवढंच नोंदवते.

दूर कशाला जा! दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, कुंडीतला वाटाणा कॅमेऱ्यासमोर ठेवून त्याचा कोंब रोज थोडा थोडा टिपला आणि ती ‘अंकुराची वाढ’ दाखवून भांडवल मिळवलं. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास दामल्यांना हाताशी धरून चित्रपटाचा कॅमेराच घडवला. त्यांच्या मानाने पाइपचा तुकडा ही काय बढाई मारायची गोष्ट आहे!

पण पाइपच्या तुकड्याने आमच्या घरात गेल्या उन्हाळ्यात जरा खळबळ उडवली. आमची थोडी बागायत जमीन आहे, काका ती पाहतात, आणि माझी फी बहुतेक वेळा भाजीच्या पैशांतून भरली जाते. मार्चमध्ये मी सुट्टीला गेले तेव्हा चवळीवर काळा मावा पडला होता. कोवळ्या शेंड्यांवर नुसता थर. मावा फार झपाट्याने वाढतो. माद्या नराशिवायच जिवंत पिलं टाकत जातात. काकांनी औषधाची बाटली आणून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी पंप चालणार. मी संध्याकाळी खोकं, नळी, कागद असं बोचकं घेऊन सरीत बसले. काकू म्हणाल्या, ‘मावा बघायला एवढं सोंग कशाला? डोळे फुटले का?’

शेंड्यांवर माव्याबरोबर काळपट, लांबुडक्या, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या फिरत होत्या. काकांच्या लेखी त्यादेखील कीड. किंबहुना दिसायला माव्याहून ओंगळ, म्हणून जास्त मोठी कीड. रात्री त्यांना मी फोटो दाखवले.

‘ही काय गं? मगरीचं पिल्लू चवळीवर कवा आलं?’

फोटोत ती अळी सहा पायांवर उभी होती आणि तिच्या जबड्यात मावा होता, पाय वर केलेला. दुसऱ्या फोटोत मावा चोखून त्याची साल उरली होती. तिसऱ्यात मुंगी अळीच्या अंगावर धावून जात होती. मुंग्या माव्याचा गोड रस पितात आणि गुरं राखावीत तसा मावा राखतात. ही ढालकिड्याची अळी, मी सांगितलं. मोठी झाली की तीच लाल टिकली होते. ही मावाच खाते, पान नाही.

काका बराच वेळ पडद्याकडे बघत होते. मग म्हणाले, ‘लाल टिकली म्हाईत हाय. ही तिची पोर असंल आसं वाटलं नव्हतं. इतकी वर्सं मी हिलाच मारत आलो म्हन की.’ त्यावर काकू म्हणाल्या, ‘फोटो खरा, पर चवळी आपली हाय.’ काकूंचं चूक नव्हतं. मुंबईच्या गाडीत चवळी चढली नाही तर ढालकिडा हप्ता भरायला येत नाही. अळ्या किती, मावा किती, त्या पुरतील का, हे फोटोत दिसत नव्हतं, आणि मी तरी कशाच्या जोरावर सांगणार?

शेवटी काकांनी बांधाकडच्या दोन सऱ्या सोडल्या. बाकी सगळीकडे पंप मारला. फवारलेल्या सऱ्यांतला मावा दुसऱ्याच दिवशी मेला, हे सांगितलं पाहिजे. आमच्या दोन सऱ्यांत तो आठवडाभर तसाच होता आणि जेवताना माझ्याशी कोणी फारसं बोलत नव्हतं. शेंडे थोडे आकसलेही. नवव्या-दहाव्या दिवशी थर विरळ झाला. पानांखाली नारिंगी कोष लटकू लागले आणि मग टिकल्याच टिकल्या. एप्रिलमध्ये मावा परत आला तो फवारलेल्या सऱ्यांवर जास्त होता, बांधाकडे कमी. मी कॉलेजला परत आले होते. हे काकांनी फोनवर सांगितलं, आणि लगेच म्हणाले, ‘पर एका सालावरनं मी काय गावाला सांगनार न्हाई.’ यंदा त्यांनी चार सऱ्या सोडायचं ठरवलं आहे. काकू म्हणतात, तीन.

या जानेवारीत मात्र एक गंमत झाली. काकांनी एस.टी.च्या कंडक्टरकडे पेढ्याचा डबा दिला. मी आशेने उघडला. आत ओल्या फडक्यात वालाचं एक पान आणि चिठ्ठी: ‘ही बुरशी हाय का अंडी? औषध आणलेलं न्हाई. कळव.’ पानाखाली केसासारख्या पांढऱ्या देठांवर बारीक अंडी उभी होती, टाचण्या टोचाव्यात तशी. नळी लावली, खोकं लावलं, भूगोलाचा कागद लावला. क्रायसोपाची अंडी. याही किड्याच्या अळ्या मावा खातात, आणि एकमेकींनाही खातात. म्हणून आई प्रत्येक अंडं निराळ्या देठावर ठेवते. सतरा मोजली. त्यांतली दोन फुटलेली होती.

फोटो काढून झाल्यावर पान तसंच फडक्यात गुंडाळलं, संध्याकाळच्या गाडीने परत पाठवलं आणि काकांना फोन केला: वालाच्याच वेलावर, मावा असेल तिथे, टाचणीने लावून टाका.